दोन अँटेना, एक डबा, तरी नल मिळेना!

मळ्यालगत | शनिवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवळणाचा आहे, सांभाळून घ्या.

आई मूळची धारवाडची. लग्न होऊन नाशकात आली त्याला ४५ वर्षं होतील, पण संध्याकाळी आकाशवाणी धारवाड लागलं नाही तर तिचा दिवस मावळत नाही. पंचवटीतल्या जुन्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाळीची एरियल होती, आणि दिवेलागणीनंतर मीडियम वेव्हला ७६५ किलोहर्ट्झवर धारवाड स्वच्छ यायचं. दोन वर्षांपूर्वी मखमलाबाद रोडला चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. समोर मळे, हवा झकास. रेडिओ मात्र मेला.

खरखर दोन प्रकारची आहे. एक सलग गुरगुर, संध्याकाळी साडेसहाला सुरू होते ती रात्रभर. दुसरी टिक... टिक... टिक, साधारण सेकंदाला एक, चोवीस तास.

नेटवर वाचून नॉइज कॅन्सल करायचा डबा बनवला. दोन अँटेना आत घ्यायच्या, एकीचा सिग्नल कमीजास्त करायचा, त्याची फेज फिरवायची आणि दुसरीत उलटा मिसळायचा. दोन पॉट (आवाजाच्या बटणात असतात तसे फिरते रोधक), जुन्या रेडिओतली गँग (स्टेशन लावायचा फिरता कंडेन्सर), मध्ये टॅप असलेला ट्रान्सफॉर्मर, दोन फेट (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर). गच्चीवर १२-१२ मीटरच्या दोन तारा, चार मीटर अंतरावर समांतर. (तिसरी पण होती. ती संक्रांतीला मांज्याने नेली.)

बटणं फिरवत गेलं की एका जागी गुरगुर खरंच खाली जाते. पण धारवाडही तिच्याबरोबर जातं! सुक्याबरोबर ओलंही जळतंय. चूक डब्यात आहे, अँटेनात आहे की माझ्यात?

नळकोंडाळे | शनिवार, रात्री १०:०२

शीर्षक वाचून वाटलं पाणीकपातीवर धागा आलाय. म्हटलं चला, दोन दिवसांआड पाण्यावर चार शब्द लिहू. आत येऊन बघतो तर फेट आणि गँग. असो, बसतो कोपऱ्यात.

सिंगलफेज_निफाड | शनिवार, रात्री १०:११

आमच्याकडे फेजिंग म्हणजे थ्री फेज रात्री दोनला येते आणि आम्ही थंडीत मोटार चालू करायला जातो ते. तुमचं काहीतरी वेगळं दिसतंय. समजावून सांगा राव कुणीतरी, साध्या भाषेत.

कु_खट्याळ | शनिवार, रात्री १०:१५

आकाशवाणीचं ॲप आहे की! फोन, स्पीकर, संपला विषय. तुम्ही लोक हौसेला उपाय शोधता की उपायाला हौस? (हलके घ्या)

सातपूरचा सोल्डर | शनिवार, रात्री ११:२०

@सिंगलफेज_निफाड, वाण्याचा जुना तराजू डोळ्यासमोर आणा. एका पारड्यात गोंगाट. तो काढून टाकता येत नाही, म्हणून दुसऱ्या पारड्यात तेवढाच गोंगाट ठेवायचा. काटा मध्यावर आला की गोंगाट 'नाही'. डब्यातल्या एका बटणाने वजन सारखं करायचं, म्हणजे ॲम्प्लिट्यूड. दुसऱ्याने तो समोरच्याच पारड्यात पडतोय ना ते बघायचं, म्हणजे फेज. एक लाट वर जात असताना दुसरी तेवढीच खाली गेली पाहिजे. या काटा मध्यावर येण्याला नल म्हणतात.

आता धागाकर्ते. तुमचा डबा बरोबर आहे. नल मिळतोय, म्हणजे सर्किट काम करतंय. दोष तारांचा आहे. एकसारख्या दोन तारा, एकाच गच्चीवर, चार मीटरवर. दोघींना गुरगुरही तेवढीच ऐकू येते आणि धारवाडही तेवढंच. मग एक वजा दुसरी केली की दोन्ही वजा होणार, दुसरं काय!

दुसरी अँटेना 'कानाची कच्ची' हवी. तिला गोंगाट भरपूर यावा आणि स्टेशन जवळजवळ येऊच नये. हातभर तार पुरते, पण ती गोंगाट जिथून निघतो त्याला चिकटून हवी. मुख्य अँटेना उलट, गोंगाटापासून जमेल तेवढी लांब. अशा जोडीत गोंगाट वजा होतो आणि स्टेशनला धक्का लागत नाही.

बटणं फिरवायची रीत सांगतो, कारण इथेच लोक कंटाळून डबा माळ्यावर टाकतात. आधी नुसती मुख्य अँटेना जोडा, गुरगुर मीटरवर किती ते बघा. मग नुसती गोंगाटाची अँटेना जोडून लेव्हल तेवढीच करा. मग दोन्ही जोडा आणि फक्त फेज फिरवा. कुठेतरी खड्डा येईल. तिथून पुढे दोन्ही बटणं आळीपाळीने केसभर, केसभर. एजीसी, म्हणजे रेडिओतलं आवाज आपोआप सारखा ठेवणारं सर्किट, बंद करता येत असेल तर करा. सिग्नल कमी झाला की एजीसी आपणहून आवाज वाढवतो आणि नल हातात आलेला असताना कान म्हणतो 'काही फरक नाही'.

मळ्यालगत | शनिवार, रात्री ११:४१

सोल्डरदादा, डोक्यात लख्ख पडलं. धन्यवाद.

@कु_खट्याळ, ॲप लावून दिलं होतं. आई म्हणाली, 'यात धारवाड लांबून आल्यासारखं वाटतच नाही.' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कु_खट्याळ | शनिवार, रात्री ११:४३

माझ्याकडेही नाही. काकूंना नमस्कार.

देवळालीकर | रविवार, सकाळी ६:३०

चांगला विषय. चाळीसेक वर्षं रेडिओ ऐकतोय, त्यातली पंधरा तरी फेजिंगच्या नादात गेली. घरचा गोंगाट हा याचा एक उपयोग. खरी मजा एकाच फ्रिक्वेन्सीवरची दोन स्टेशनं वेगळी करण्यात आहे.

१५७५ किलोहर्ट्झची गोष्ट सांगतो. एकेकाळी या एका जागी दोन दांडगी स्टेशनं होती. थायलंडमधून व्हॉइस ऑफ अमेरिका, १००० किलोवॅट. अमिरातीतून फारसी भाषेतलं रेडिओ फर्दा, ८०० किलोवॅट. रात्री दोन्ही एकमेकांच्या उरावर. माझ्याकडे तेव्हा फिरवायची लूप अँटेना (चौकटीवर गुंडाळलेली तार) होती. लूपचा नल धारदार असतो, पण तो दोन्ही बाजूंना असतो, पुढेही आणि मागेही. नकाशावर नाशिक बघा, अमिराती वायव्येकडे झुकलेल्या पश्चिमेला, थायलंड पूर्वेला. दोघांच्या दिशा जवळपास समोरासमोर, दहा अंशांचाही फरक नाही. लूप फिरवून फर्दा बुडवलं की थायलंडही बुडायचं. कितीही फिरवा, दोघे एकत्र यायचे आणि एकत्र जायचे.

मग आमच्या लांबुळक्या कंपाउंडच्या पूर्व आणि पश्चिम टोकाला एकेक उभी तार लावली, मध्ये पन्नासएक मीटर. १५७५ ची तरंगलांबी १९० मीटर, म्हणजे साधारण पाव तरंगलांबी झाली. पश्चिमेकडून येणारी लाट आधी पश्चिमेच्या तारेला लागणार, मग पूर्वेच्या. जिला आधी लागते तिच्या वाटेत तेवढाच उशीर घालायचा आणि दोघींची वजाबाकी करायची, की पश्चिम गप्प. पूर्वेकडून येणाऱ्या लाटेला मात्र तो उशीर उलटा पडतो, म्हणून ती टिकते. याचा आलेख काढला तर हृदयासारखा दिसतो, एकाच बाजूला खाच. पहिल्यांदा फर्दाच्या खालून थायलंड वर आलं ती रात्र आठवते. सौ. उठून आल्या, त्यांना वाटलं मला काही झालं.

एक ताकीद. आकाशातून परावर्तित होऊन येणारा सिग्नल एका जागी उभा राहत नाही. त्याचा कोन बदलतो, फेज बदलते. दोन मिनिटं नल धरला की निसटतो, परत बटणं. जमिनीलगत येणाऱ्या लाटेचं आणि घरगुती गोंगाटाचं तसं नाही. तो नल एकदा बसला की तासन् तास राहतो. तुमचं काम सोपं आहे म्हणायचं.

तिरकाशेठ | रविवार, सकाळी ९:०५

एवढा खटाटोप कशाला हो? आमचे आजोबा ट्रान्झिस्टर उचलून तिरका करायचे. खिडकीत, फडताळावर, कधी पाण्याच्या पिंपावर. खरखर गेली की तिथेच ठेवून द्यायचे आणि मग कुणी हात लावला तर खैर नाही. आतला फेराइट रॉड म्हणजे छोटी लूपच. रॉडचं टोक गोंगाटाकडे केलं की गोंगाट पडतो. फुकट नल!

आणि माझं स्पष्ट मत, नॉइज कॅन्सल करण्याआधी नॉइज शोधा. घरात उंदीर झाला तर आपण कानात बोळे घालत नाही. साडेसहाला सुरू होतो म्हणजे टायमरवरचं काहीतरी आहे. शोधा, बदला, डबा विकून टाका.

सातपूरचा सोल्डर | रविवार, सकाळी ९:४०

शेठ, शोधायलाच हवा, मान्य. पण प्रत्येक उंदीर आपल्या घरातला नसतो. शेजाऱ्याच्या सोलर इन्व्हर्टरचं काय करणार, रात्री जाऊन वायर कापणार?

रॉड तिरका करण्याबद्दल: गोंगाट एका ठिकाणाहून येत असेल तर उत्तम. फ्लॅटमध्ये तो इमारतीच्या सगळ्या वायरिंगमधून येतो. डावीकडून, उजवीकडून, डोक्यावरून. टोक कुणाकडे करणार?

तिरकाशेठ | रविवार, सकाळी ९:४४

पिंपावर ठेवून बघा.

आकडेमोड | रविवार, दुपारी १:१५

देवळालीकरांनी गोष्ट सांगितली, मी जरा आकडे मांडतो. धागाकर्त्यांना चार मीटरचा प्रश्न का आला ते यातून कळेल.

७६५ किलोहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३९२ मीटर. पूर्ण लाट म्हणजे ३६० अंश धरले तर चार मीटर म्हणजे फक्त पावणेचार अंश. समजा गोंगाट एका दिशेने लांबून येतोय आणि तुम्ही तो पूर्ण मारलात. बरोबर उलट्या दिशेने येणारं स्टेशन, म्हणजे सर्वात नशीबवान स्टेशन, एका अँटेनाच्या तुलनेत जेमतेम आठवा हिस्सा उरतं. तेच अंतर ३० मीटर केलं तर साडेसत्तावीस अंश होतात आणि उलट्या दिशेचं स्टेशन ०.९२ पट मिळतं, म्हणजे जवळजवळ पूर्ण. आडव्या दिशेने, काटकोनात येणारं निम्म्याच्या आसपास. ओळखीच्या चाळीच्या गच्चीवर ३० मीटर मिळतात, फ्लॅटच्या गच्चीवर टाक्या आणि सोलर हीटरमध्ये नाही मिळत. म्हणून तुमच्यासाठी सोल्डरभाऊंची 'गोंगाटाची अँटेना' हाच मार्ग.

नल किती खोल जाईल तेही बघा. दोन पारड्यांत दहा टक्के फरक राहिला तर गोंगाट दहावा हिस्सा उरतो, २० डेसिबल. एक टक्का राहिला तर शंभरावा, ४० डेसिबल. वजन अगदी बरोबर आहे पण फेज एका अंशाने चुकली तर सत्तावन्नावा. म्हणूनच 'केसभर, केसभर'. साध्या पॉटऐवजी दहा फेऱ्यांचा पॉट लावा.

अजून एक. आरसी जाळीने (रोधक आणि कंडेन्सरच्या जोडणीने) फिरवलेली फेज एकाच फ्रिक्वेन्सीला बरोबर असते. स्टेशन बदललं की पुन्हा जुळवा. केबलच्या लांबीने दिलेला उशीर मात्र सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखा असतो. ३० मीटर हवेतून जायला १०० नॅनोसेकंद. डिश टीव्हीच्या आरजी-६ केबलमध्ये वेग प्रकाशाच्या सुमारे ८३ टक्के, म्हणजे तेवढ्याच उशिराला २५ मीटर केबल. १, २, ४, ८, १६ मीटरची वेटोळी टॉगल स्विचवर घेतली की १ ते ३१ पर्यंत कुठलीही लांबी मिळते. डबा कुरूप दिसतो, पण अख्ख्या बँडवर नल हलत नाही.

नळकोंडाळे | रविवार, दुपारी १:२२

वाखुसा (वाचनखूण साठवली). कळलं काही नाही, पण साठवून ठेवतो.

रेवतीच्या_कट्ट्यावर | रविवार, दुपारी ४:३०

अवांतर आहे, पण राहवत नाही. नाशिक-पुणे रस्त्याला नारायणगावजवळ खोडदला जी प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी, ती हेच करते ना? आम्ही २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला शाळेची मुलं घेऊन गेलो होतो. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, पार २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. तिथल्या माणसाने सांगितलं की सगळ्यांचे सिग्नल वेळा जुळवून एकत्र करतात, पल्सार (ठेक्यात रेडिओ लाटा सोडणारे तारे) ऐकायला.

आकडेमोड | रविवार, दुपारी ४:५२

रेवतीताई, अवांतर कसलं, सख्खी बहीण आहे. ते हव्या त्या दिशेची बेरीज करतात, आपण नको त्या दिशेची वजाबाकी. गणित तेच. अँटेना जितक्या जास्त तितके नल जास्त. दोन अँटेना असतील तर एकाच गोंगाटाला मारता येतं, तीन असतील तर दोघांना. गंमत म्हणजे आसपासच्या विजेच्या तारांच्या खरखरीचा त्रास त्यांनाही आहेच.

ही कल्पनाही जुनी. जर्मनीच्या ब्राउन यांनी १९०५ मध्ये तीन अँटेनांची फेज बदलून हव्या त्या दिशेला लाटा पाठवून दाखवल्या होत्या. मार्कोनीबरोबर १९०९ चं नोबेल मिळालेले तेच हे ब्राउन.

सिंगलफेज_निफाड | रविवार, संध्याकाळी ७:१०

तराजूचं समजलं बरं का. आता माझी पाळी.

ती सेकंदाला एक टिक म्हणजे झटका मशीन आहे, पैज लावा. मळ्याला जी करंटची तार असते ना, रानडुकरं नि मोकाट जनावरं येऊ नयेत म्हणून, तिचं मशीन सेकंदा-सव्वासेकंदाला एक झटका सोडतं. आमच्या बांधावर आहे, मोबाईलवर बोलत नसलो तर रेडिओत ऐकू येतं.

पण नीट बसवलेलं मशीन एवढं वाजत नाही. वाजतं कधी? तारेला गवत टेकलं, इन्सुलेटर तडकला, नाहीतर तार तुटली म्हणून नुसती पिळून जोडली. तिथे ठिणगी उडते. रात्री अंधारात तारेच्या कडेने चाला, निळी ठिणगी दिसेल, चट् चट् आवाजही येईल. मालकाच्याही फायद्याचं आहे, गळती झाली की पुढे झटकाच पोचत नाही. गोड बोलून सांगा.

तिरकाशेठ | रविवार, संध्याकाळी ७:१५

+१. बघा, शेवटी उंदीर शोधावाच लागला.

मळ्यालगत | पुढचा रविवार, रात्री १०:३०

आठवड्याचा अहवाल. जरा लांब आहे.

गुरगुर आधी. सेक्रेटरी काकांच्या पाया पडून जिन्याच्या दिव्यांचा एमसीबी दोन मिनिटं पाडून घेतला. शांतता! जिन्यात १४ एलईडी दिवे आहेत, टायमर साडेसहाचा. आईने आतून विचारलं, 'लाइट गेली का?' मी म्हटलं नाही, धारवाड आलं.

दिवे बदलण्याचा विषय काढला. 'दिवे लागतात ना? मग बदलायचे कशाला? सर्वसाधारण सभेत ठेवा.' सभा सप्टेंबरात. @तिरकाशेठ, उंदीर सापडला, पण तो सोसायटीच्या मालकीचा आहे.

मग डबा. सोल्डरदादांनी सांगितल्याप्रमाणे जिन्याच्या डक्टमध्ये दीड मीटर तार सोडली, गोंगाटाची अँटेना म्हणून. गुरगुर तिच्यात अशी की कान किटावेत, आणि धारवाडचा पत्ता नाही. अगदी हवं तसं. तरी नल उथळच! वजन जुळलं, फेज जुळली, खड्डा येतो पण अर्धवट. तीन रात्री यात गेल्या.

देवळालीकर | पुढचा रविवार, रात्री १०:४८

मुख्य तारेची केबल खाली कुठून आणलीत?

मळ्यालगत | पुढचा रविवार, रात्री १०:५०

...त्याच डक्टमधून.

देवळालीकर | पुढचा रविवार, रात्री ११:१५

मग झालं. तुमची केबलच अँटेना झालीय. दिव्यांच्या वायरींना चिकटून चार मजले उतरताना केबलच्या बाहेरच्या जाळीवर गोंगाट चढतो, वर जातो, अँटेनाच्या टोकाशी आत शिरतो आणि सिग्नलबरोबर खाली येतो. म्हणजे गोंगाट दोन वाटांनी येतोय, थेट हवेतून आणि जाळीवरून. दोन्हींची फेज वेगळी. एका डब्याने एकच वाट बंद होते.

तीन गोष्टी करा. केबल डक्टमधून काढून इमारतीच्या बाहेरून, मळ्याच्या बाजूने उतरवा. अँटेनाच्या पायथ्याशी ट्रान्सफॉर्मर असा घाला की प्रायमरी आणि सेकंडरीचा एकमेकांशी तारेने संबंध नसेल. आणि रेडिओच्या तोंडाशी केबलचा चोक करा, मोठ्या फेराइटवर जमतील तेवढे वेढे. मीडियम वेव्हला दोन-चार वेढ्यांनी काही होत नाही. जुन्या डबा टीव्हीच्या फ्लायबॅकचा (आतल्या हाय व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरचा) कोर यासाठी फार चांगला. माझ्याकडचे अंबड लिंक रोडच्या भंगारातले आहेत, कधीतरी किलोवर घेतलेले. देवळाली कॅम्पात आलात तर दोन घेऊन जा.

बिटबहाद्दर | सोमवार, दुपारी १२:०५

उशिरा आलो. २०व्या शतकात का राहताय सगळे? एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) घ्या, दोन अँटेना दोन चॅनलला लावा, वजाबाकी सॉफ्टवेअर करेल. माझ्याकडे दोन स्वस्त आरटीएल डोंगल पडलेत, देऊ का?

आकडेमोड | सोमवार, दुपारी १२:४०

देऊ नका. दोन सुट्या डोंगलांची दोन वेगळी घड्याळं. फेज एकमेकांच्या तुलनेत वाहत जाते, नल क्षणभरही टिकणार नाही. दोन्ही चॅनल एकाच घड्याळावर चालले पाहिजेत. आरएसपी-ड्युओ नावाच्या एसडीआरमध्ये तसे दोन ट्यूनर आहेत, क्रॅकेनमध्ये पाच चॅनल. पण किंमत बघून मग बोलू.

बिटबहाद्दर | सोमवार, दुपारी १२:५५

किंमत बघितली. गँग छान असते.

सातपूरचा सोल्डर | सोमवार, दुपारी १:३०

तयार खोकी बनवणाऱ्यांत एमएफजे-१०२६ सगळ्यांना माहीत, पण त्या कंपनीने २०२४ मध्ये उत्पादन थांबवलं. आता जुनं मिळालं तर. आपला डबाच बरा, निदान आत काय आहे ते माहीत असतं.

आणि एक नाशिककर म्हणून रडगाणं: सिंहस्थ २०२७ येतोय, घाटापासून रिंगरोडपर्यंत दिवेच दिवे लागणार. प्रत्येकात एकेक ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज देणारं, खरखर करणारं सर्किट. आतापासून केबलची वेटोळी करून ठेवा.

मळ्यालगत | पंधरवड्यानंतर, शनिवार, रात्री ९:१५

देवळालीकर काकांकडून दोन कोर आणि एक कप चहा घेऊन आलो. केबल बाहेरून उतरवली, ट्रान्सफॉर्मर घातला, चोकवर पातळ केबलचे २२ वेढे बसले. नुसत्या एवढ्याने, डबा न लावता, गुरगुर निम्म्यावर आली. मग डबा लावला. फेज फिरवता फिरवता गुरगुर विहिरीत पडावी तशी गेली. हात काढायची भीती वाटली. दोन दिवस झाले, बटणाला हात लावलेला नाही, नल जागचा हललेला नाही.

उरली टिक. काल अंधार पडल्यावर समोरच्या मळ्यात गेलो. मालक आधी संशयाने बघत होते, 'तुम्ही वीजवाले का?' रेडिओचं सांगितलं तर हसले, आणि मग स्वतःच बॅटरी घेऊन निघाले. तीन ठिकाणी ठिणगी सापडली. दोन जागी गवत. तिसऱ्या जागी तुटलेली तार पिळून जोडलेली, वर गंज. त्यांनी गवत कापलं, मी जोड घासून क्लॅम्प लावला. मशीन अर्थातच बंद करून! (पहिल्या वेळी नव्हतं केलं. त्याबद्दल जास्त विचारू नका.) टिक अजून आहे, पण कान देऊन ऐकावी लागते. परत येताना पिशवीभर मेथी मिळाली.

आज सव्वासातला आईला खुर्चीत बसवून रेडिओ लावला. सिग्नल वरखाली होत होता, पण खाली पार्श्वभूमी काळीशार. कन्नड बातम्या चालू होत्या. ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं डोळे वगैरे भरून आले असतील. मग म्हणाली, 'बातम्या देणारी नवीन दिसते. फार घाईत वाचते.'

कु_खट्याळ | शनिवार, रात्री ९:२०

काकू रॉक्स.

सिंगलफेज_निफाड | शनिवार, रात्री ९:३२

पैज जिंकली. मेथी अर्धी माझी.

रेवतीच्या_कट्ट्यावर | शनिवार, रात्री ९:५०

फार छान वाटलं वाचून. शाळेत मुलांना हा डबा करून दाखवायचाय. ट्रान्सफॉर्मरचे वेढे किती घातले ते सांगाल का?

मळ्यालगत | रविवार, रात्री ८:०५

ताई, फ्लायबॅकच्या कोरवर अँटेनाच्या बाजूला ३० वेढे, केबलच्या बाजूला १०. म्हणजे वेढे तिनाला एक, इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) नऊला एक. दोन्ही गुंडाळ्या कोरच्या समोरासमोरच्या पायांवर, एकमेकींपासून लांब ठेवा.

बाकीचं उद्या लिहितो. पहिल्या मजल्यावरचा एक दिवा आज उडाला, सेक्रेटरी काकांनी लगेच दुसऱ्याच बनावटीचा आणून लावला. गुरगुर परत आलीय, वेगळ्या सुरात. आई हाका मारतेय.

तिरकाशेठ | रविवार, रात्री ८:०९

पिंप रिकामं आहे का?